दुसरी घागर

बसा. सगळे बसा. मागं उभे आहात त्यांनी पत्र्याखाली सरका, उन्हात थांबू नका. ऊन लागून एक बाई गेली म्हणून आपण इथं जमलोय, एवढं तरी ध्यानात ठेवा.

भानुदासराव, आबा, काकू, तालुक्याहून आलेले दूध संघाचे पदाधिकारी, संस्थेच्या सभासद बहिणी आणि गावकरी मंडळी. मला बोलायला लावू नका असं मी सकाळीच सांगितलं होतं. मी जनावरांचा माणूस. तुम्ही मला डॉक्टर म्हणता, पण मी डॉक्टरही नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. अडलेली म्हैस, पोट फुगलेलं वासरू, यांच्याशी माझं बोलणं, आणि ती उलटून बोलत नाहीत. माणसांपुढं उभं राहिलं की माझं बोलणं अडखळतं. आज जास्तच अडखळेल. तुम्हाला वाटेल दुःखानं. दुःख आहेच. पण त्याहून जास्त राग आहे, आणि तो मी आज गिळणार नाही. ज्याला सोसायचं नाही त्यानं उठून जावं. चहा झालेला आहे.

माझ्या मागं हा फ्लेक्स लावलाय. कुणी लावला ते त्याच्यावरच लिहिलंय, आपल्याला विचारायची गरज नाही. वर साहेबांचे फोटो, खाली साहेबांच्या माणसांचे फोटो, आणि मधे कोपऱ्यात आमच्या कुशाताई, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. अहो, गेलं कोण? आणि संघाच्या साहेबांनी आत्ता भाषणात त्यांना तीनदा कुशलाबाई म्हटलं. कुशलाबाई नाही हो साहेब. कुशावर्ता. ज्या बाईनं तुमच्या संघाला आयुष्यभर दूध घातलं, तिचं नाव गाडीत बसताना ड्रायव्हरला विचारलं असतं तरी त्यानं नीट सांगितलं असतं.

असो. नाही, असो नाही. आज मी कशालाच असो म्हणणार नाही.

कुशाताई कोण होत्या हे तुम्हाला मी काय सांगायचं? हा पत्रा त्यांनी उभा केला. हा दूध मोजायचा काटा त्यांनी आणला. बायकांची दूध संस्था काढायची म्हटल्यावर गावानं किती हसून घेतलं ते इथल्या कितीतरी जणांना आठवत असेल, कारण हसणारे तेच होते. 'बायका दूध मोजणार, मग शेणं कोण काढणार?' हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय. बोलणाराही इथंच बसलाय. मान खाली घालू नका, मी नाव घेत नाही.

एक प्रसंग सांगतो. संस्था नवी होती. कुशाताईंच्या सख्ख्या जावेनं, या कमलबाईंनी, दूध आणलं. कमलबाई, तुम्हीच हा किस्सा हसून सांगता म्हणून मी सांगतोय. दूध पातळ. यंत्रात घातलं, फॅट लागेना. कुशाताईंनी विचारलं, "पाणी घातलंस?" कमलबाई म्हणाल्या, "न्हाई." पुन्हा विचारलं. पुन्हा "न्हाई." सगळ्या बायका बघतायत. कुशाताईंनी कॅन उचलला आणि या इथं, या नालीत ओतून दिला. आणि काय म्हणाल्या? "दुधात पाणी घातलं हे पाप न्हाई गं. घरात पोरं असत्यात, पावना येतो, हात चुकतो. पण घालून न्हाई म्हणलं, ते पाप हाय. घातलं असलं तर घातलं म्हण, फॅट कमी लावते आन् घेते." त्या दिवसापासून या काट्यावर कुणी खोटं बोललं नाही. पाणी पडलं असलं की बायका स्वतःहून सांगायच्या, "ताई, आज पडलंय जरासं."

हे वाक्य लक्षात ठेवा. घातलं असलं तर घातलं म्हण. मला त्याच्याकडंच यायचंय.

गेल्या पावसाळ्याचं तुम्हाला सांगायला नको. पेरलं ते उगवलं, उगवलं ते करपलं. तुम्ही ऊसतोडीला गेलात, परत आलात, आणि येताना जे बैल आणलेत त्यांच्या बरगड्या मी चष्म्याशिवाय मोजत होतो. कडबा संपला. ओढ्याच्या पलीकडं दुसरं महसूल मंडळ, तिथं चारा छावणी लागली. पलीकडची जनावरं मांडवाखाली रवंथ करतायत आणि अलीकडची कोरड्या ओढ्यात उभी राहून तिकडं बघतायत. ओढ्यात पाणी असतं तर निदान म्हणता आलं असतं की पाणी आडवं आलं. तिथं नुसती वाळू. तीही राहिलेली नाही.

आपल्याला छावणी का नाही? कुशाताई विचारायला गेल्या. तालुक्याला गेल्या, जिल्ह्याला गेल्या. उत्तर काय मिळालं? तुमच्या मंडळात जमिनीत ओल पुरेशी आहे. उपग्रहाच्या नकाशात दिसतंय.

ओल पुरेशी! मंडळी, या गावात कुदळ मारली तर ठिणगी पडते. मी स्वतः मेलेलं वासरू पुरायला खड्डा घेत होतो तर पहार वाकली. आणि कचेरीत पंख्याखाली बसलेला माणूस सांगतो, ओल आहे. मीही तुमच्यासारख्याच त्या उपग्रहाला शिव्या घातल्या. म्हटलं, आभाळातून दिसतं काय त्या डबड्याला?

कुशाताईंनी शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्ये बघतं कसं, ते मला दावा."

आणि त्या कचेरीत एक चांगली पोरगी निघाली. इंजिनिअर, नवीन लागलेली. तिनं ताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नकाशे दाखवले. मी बरोबर होतो. तिनं जे सांगितलं ते मी आपल्या भाषेत सांगतो. उपग्रह आपल्यावरून फिरतो आणि दोन गोष्टी बघतो. एक, मातीत ओल किती. दुसरी, माती आणि पिकं मिळून किती पाणी वाफ करून वर सोडतात. त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ताई, निरोगी गाईच्या नाकावर कसे दवासारखे थेंब असतात? आणि ताप आला की नाक कसं कोरडं ठणठणीत पडतं? तसंच. जमिनीत पाणी असलं की तिचं नाक ओलं. त्या लगेच म्हणाल्या, "मग आमच्या जमिनीचं नाक कसं हाय?" पोरीनं वाफेचा नकाशा उघडला. आपलं अख्खं मंडळ लाल. कोरडं. पलीकडच्या मंडळापेक्षाही कोरडं.

ऐकताय ना? तो उपग्रह खोटं बोलत नव्हता. इतक्या लांबून त्यानं आपल्या जमिनीच्या नाकावर हात ठेवला होता आणि त्याला कळलं होतं, हिला ताप आहे.

मग ओल कुठून आली? ती पोरगी म्हणाली, "ताई, दोन नकाशे एकमेकांशी भांडतायत. ओल आहे म्हणावं तर एवढ्या उन्हात वाफ का नाही? ओलीचा नकाशा आम्ही गावात रोवलेल्या खांबावरून दुरुस्त करतो. वरून दिसतं ते अंदाजानं, खांब मातीत असतो, म्हणून खांबाचं खरं धरतात. तुमच्या मंडळाचा खांब ओल दाखवतोय. खांबापाशी जाऊन बघा."

खांब. आठवतोय ना खांब? कचेरीचे लोक आले होते, वर सोलरची पाटी असलेला खांब घेऊन, खाली मातीत खुपसायच्या सळया. जागा द्या म्हणत गावभर फिरले. कुणी दिली का? एकानंही दिली नाही. आज खांब रोवतील, उद्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव येईल. कुणी म्हणालं, त्याच्या लहरींनी म्हैस गाभण राहत नाही. माझ्याकडं विचारायला आले होते! शेवटी आबा म्हणाले, देवाच्या जमिनीत रोवा, ती कुणाचीच नाही. आणि खांब गेला महादेवाच्या देवळामागं, उताराला.

संघाच्या साहेबांना माहीत नसेल म्हणून सांगतो. या गावात पाऊस हरवला की महादेव कोंडतात. गाभारा खोल आहे. दार कमरेइतकं दगडमातीनं बुजवायचं आणि वरून घागरी ओतायच्या. पिंड पाण्याखाली गेली की ती पाऊस येईपर्यंत उघडी पडू द्यायची नाही. झिरपेल तेवढं रोज भरायचं. आणि बाहेर बोलायचं नाही. बोललं की नवस वाया. आपण सहज म्हणतो ना, अमका देव पाण्यात घालून बसलाय? हे गाव खरंच बसलंय. टँकरचं पाणी घरात येतं ते मोजून येतं, आणि त्यातली एक घागर प्रत्येक घर देवाला देतं. लेकराची अंघोळ राहते. म्हातारीचा तांब्या अर्धा राहतो. घागर राहत नाही. याच्यावर मला हसायचं नाही. कुणी हसलं तर त्याच्याशी मी भांडेन. स्वतःच्या घशातलं पाणी काढून देणारी माणसं मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाहीत.

पण गाभाऱ्यातलं पाणी जातं कुठं? गोमुखातून. चिंध्या आणि चिखलानं बुजवलं तरी झिरपतं. गोमुखातून उताराला. आणि उताराला कोण उभं आहे?

कळलं ना आता? दुष्काळ जावा म्हणून तुम्ही पाणी ओतलंत, ते थेट त्या सळयांच्या तोंडात गेलं, आणि सळया रोज वर सांगत राहिल्या, इथं दुष्काळ नाही. थर्मामीटर गार पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचं, गाईला ताप नाही. ही चूक कुणी मुद्दाम केली नाही. खांब रोवणाऱ्यांनी देऊळ बघितलं नाही, देऊळ भरणाऱ्यांनी खांब बघितला नाही.

मी तिथं हजर होतो. कुशाताईंनी खांबाच्या बुडाशी हात घातला. चिखल लागला. त्यांनी गोमुखाकडं बघितलं, परत हाताकडं बघितलं. खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. म्हणाल्या, "डॉक्टर, पहिली घागर माझी हाय."

होय. महादेव कोंडायचं ठरलं तेव्हा पहिली घागर कुशाताईंनी ओतली होती. संस्थेची अध्यक्ष म्हणून मान त्यांचा. डोक्यावर पदर घेऊन, वाजत गाजत. मी विचारलं, "मग दुसरी कुणाची?" त्या म्हणाल्या, "ते ज्याचं त्यानं सांगावं. मी माझं सांगते."

आणि त्या सांगत सुटल्या. कचेरीत सांगितलं. वरचे साहेब म्हणाले, तुम्ही एकट्या सांगता त्याला आम्ही काय करणार? यंत्राचा आकडा आहे, आम्हाला तो असा पुसता येत नाही. गावानं सांगावं की हे पाणी आमचं आहे, मग आम्ही येऊन बघतो, खांब बाजूला ठेवतो, वाफेचा नकाशा धरतो. आता हे साहेबही धन्य. वाफेचा नकाशा त्यांच्याच टेबलावर होता. त्यांच्याच कचेरीतली पोरगी ओरडून सांगत होती. पंख्याखालून उठून गाडीत बसायचं आणि एकदा त्या चिखलात बूट घालायचा, एवढंच काम होतं. नाही उठले. पण म्हणाले काय? गावानं सांगावं.

आणि गाव काय म्हणालं?

बोला ना. पारावर बैठक झाली, तुम्ही सगळे होतात. मीही कडेला होतो. कुशाताई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आपुन सांगू, पाणी आमी ओतलं. एवढंच." आबा, तुम्ही काय म्हणालात? मी तुमचा मान ठेवतो, तुमच्या पाया पडतो, पण आज बोलणार. तुम्ही म्हणालात, "हे सांगितलं तर टँकर बंद होईल. सरकार म्हणंल, प्यायला पाणी न्हाई म्हणता आन् देवाला कावून ओतता?" भीती खोटी नव्हती, मला ती कळते. पण मग दुसरा उठला, म्हणाला, नवस मोडंल. तिसरा म्हणाला, ही बाई महादेवावर आळ घेती. आणि चौथा, त्याचं मी तोंडही बघणार नाही, तो म्हणाला, हिच्याच पायगुणानं पाऊस गेला.

पायगुण. ज्या बाईनं तुमच्या बायकांच्या हातात दुधाचा पगार ठेवला, तिचा पायगुण.

त्यावर कुशाताई काय म्हणाल्या आठवतंय? आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "देवाला पाणी घातलं ते खरं हाय. जमीन कोरडी हाय ते बी खरं हाय. दोन्ही खरं बोलल्यावर देव रागवंल कावून?"  सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि बैठक उठली. बायकासुद्धा गप्प. या काट्यावर ज्या खरं बोलायला शिकल्या, त्या बायका गप्प. मला त्याचा जास्त राग आहे.

तरी त्या थांबल्या नाहीत. एका दुपारी फावडं घेऊन गेल्या आणि गोमुखाखाली मातीचा एक लहान बांध घातला, पाणी खांबाकडं न जाता बाजूला वळावं म्हणून. देवाला धक्का नाही, पिंडीला धक्का नाही, कुणाच्या घागरीला नाही म्हणणं नाही. नुसतं पाणी वळवलं. दुसऱ्या दिवशी बांध फुटलेला. म्हणे तीर्थाची वाट अडवू नये. कुणी फोडला? जाऊ द्या. त्याच्याच घरची गाय त्या आठवड्यात बाजारात गेली, खाटकाच्या गाडीत चढताना मागं वळून बघत होती. मी तिला लहानपणापासून लस टोचलीय. मला ती ओळखत होती.

मग ताई एकट्याच बीडला, जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. त्यांचे मालक भानुदासराव म्हणाले, ऊन लई हाय, नका जाऊ. मी म्हटलं, सोमवारी मी येतो. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत तांबडी उभी राहती का, सांगा." तांबडी त्यांची गाय. मला माहीत होतं, नाही राहणार. तांबडी आजही आहे, उभी नाही.

जाताना त्यांनी दोन पुरचुंड्या बांधल्या. या बघा. आणल्यात मी. लाल दोरा बांधलाय त्यात खांबाखालची माती, चिखल होता तो. ही साधी गाठ, ती त्यांच्या रानातली, कोरडी. साहेबांच्या टेबलावर दोन्ही ठेवायच्या, एक ओली, एक कोरडी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एसटीत बसल्या. खिडकीतून भट्टीसारखा वारा. कापडात बांधलेली माती. बीड येईपर्यंत काय होणार?

साहेब भेटले, दुपार कलल्यावर. ताईंनी गाठी सोडल्या. साहेबांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "बाई, या दोन्ही कोरड्याच आहेत."

हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, स्टँडवरून. हसत होत्या. शप्पथ सांगतो, हसत होत्या. म्हणाल्या, "मी म्हणलं, व्हय साहेब, हेच सांगायला आले मी. ओल आमच्या मातीत न्हाई. ओल आमच्या घागरीत हुती." मी विचारलं, मग साहेब काय म्हणाले? "म्हणले, गावाला घेऊन या."  मग म्हणाल्या, "डॉक्टर, गावाला कसं घेऊन यायचं वो?"

तेच शेवटचं. त्यानंतर रसवंतीवाल्या माणसाचा फोन आला, ताईंच्याच फोनवरून. बाकड्यावरून खाली पडल्या होत्या. त्यानं पाणी मारलं, बर्फ लावला, रिक्षा थांबवली. त्याचं मी नाव विचारलं नाही, चुकलं माझं, पण तो भला माणूस. आम्ही जीप करून पोचलो तोवर सगळं झालं होतं. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं.

लोक मला म्हणतात, कचेरीनं मारलं म्हणा. मी म्हणणार नाही. उन्हानं मारलं. पण त्या उन्हात त्यांना एकटीला कुणी उभं केलं? कचेरीनं केलं, आणि आपण केलं. साहेब खुर्चीतून उठले नाहीत आणि तुम्ही पारावरून उठलात. दोघांमधे ती बाई मेली.

आता ऐका. उद्या ते येतायत. हो, कचेरीतले साहेब स्वतः. गाड्या येणार, तपासणी होणार. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हा असा. येऊ द्या. पण आल्यावर ते खांबापाशी उभे राहणार आणि एकच गोष्ट विचारणार, हे पाणी कुठलं? आज सकाळीसुद्धा घागरी गेल्यात, मी बघितल्यात. चिखल ताजा आहे. उद्या तुम्ही म्हणालात, माहीत नाही, तर ते लिहितील, जमिनीत ओल आहे. छावणी नाही. आणि पावसाळा लागेपर्यंत या गावाच्या दावणीला मोकळे दोर राहतील. संस्थेच्या या कॅनमधे कोळी जाळं विणील. मग पुढच्या वर्षी पुन्हा एक फ्लेक्स लावा. पुण्यस्मरण.

शोकसभेत शेवटी सांगायची पद्धत आहे, सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांत राहावं. मला सकाळी ते सांगायला सांगितलंय. मी सांगणार नाही. शांतता कुशाताईंना तुम्ही जिवंतपणीच भरपूर दिली. अख्खा उन्हाळाभर दिली. आता देण्यासारखी तुमच्याकडं दुसरी एक गोष्ट आहे.

घातलं असलं तर घातलं म्हण. एवढंच ती बाई सांगत आली. दुधाच्या काट्यावर सांगितलं, पारावर सांगितलं, साहेबाच्या टेबलावर सांगितलं. पहिली घागर तिची होती, ती सांगून गेली. आता मी विचारतो. उद्या साहेब विचारण्याआधी मी विचारतो.

दुसरी घागर कुणाची होती?

मी थांबतो. मला घाई नाही. जनावर अडलं की मी रात्ररात्र गोठ्यात बसलेला माणूस आहे, मला थांबायची सवय आहे.

एवढं पाणी काय एकटीनं ओतलं? गाभारा एका घागरीनं भरतो? दुसरी कुणाची?

कोण? मागं कोण उठलं? नाही, मागं नाही... इथं पुढं. काकू? काकू, तुम्ही? आबा, त्यांचा पदर धरू नका. सोडा. सोडा म्हणतो. बोला काकू. मोठ्यानं बोला, माइक आणतो.

ऐकलंत? मागं ऐकू आलं नसेल तर मी सांगतो. काकू म्हणाल्या, "दुसरी आमच्या घरची. मी ओतली." आबांच्या घरची. काकू, बसू नका. उभ्याच राहा. उद्या तिथं, खांबापाशी, अशाच उभ्या राहा.

तिसरी कुणाची? हां, कमलबाई. उभ्या राहा. त्याच्या पुढची? राहा, राहा उभ्या. गड्यांनो, तुमच्या बायका उठतायत, तुम्ही काय बसलात?

आबा... या. हात द्या माझ्या हातात. सावकाश.

कुशाताई, गावाला कसं घेऊन यायचं म्हणून विचारत होतात ना? गाव उठलंय बघा. आम्हाला उशीर झाला, त्याची माफी मागायला तोंड नाही. तुमच्या दोन्ही पुरचुंड्या उद्या मीच साहेबांच्या हातात देतो.

या आता तुम्ही. रामराम.